वूफर कोणता घ्यावा, क्रॉसओव्हर कसा बांधावा: पहिला टू-वे स्पीकर स्वतः करणाऱ्यांसाठी

माझी पहिली जोडी मी अगदी उलट क्रमाने बांधली. आधी धातूच्या कोनचा (म्हणजे हलून आवाज काढणाऱ्या शंकूचा) साडेसहा इंची महागडा वूफर, म्हणजे खालचे-मधले सूर वाजवणारा ड्रायव्हर मागवला, मग वरच्या सुरांसाठी तितकाच महाग सिल्क डोम ट्विटर. सुताराकडून सुरेख बॉक्स करून घेतले आणि सगळ्यात शेवटी एका दुकानातून '३ किलोहर्ट्झ, ८ ओहम' असं छापलेला तयार क्रॉसओव्हर बोर्ड, म्हणजे वूफर आणि ट्विटरमध्ये सूर वाटून देणारा फिल्टर, आणून आत बसवला. पहिल्या संध्याकाळी तानपुरा लावला. खर्जाची तार ठीक होती, पण जवारीचा जो झंकार गाणाऱ्याच्या मागे पसरून राहायला हवा, तो पत्र्यावर वाळू पडावी तसा टोचत होता. पुढचे सहा महिने मी केबल बदलल्या, अँप्लिफायर बदलला, बॉक्समधला कापूस कमी-जास्त केला. आवाज तसाच राहिला. वूफर आणि क्रॉसओव्हर या दोन स्वतंत्र खरेद्या आहेत असं मी धरून चाललो होतो, आणि चूक तिथेच होती.

वूफर निवडता तेव्हाच निम्मा क्रॉसओव्हर ठरून जातो. बॉक्सची पुढची, ड्रायव्हर बसवायची फळी कापता तेव्हा उरलेल्यातलाही बराचसा. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. उदाहरण म्हणून साडेसहा इंची वूफर आणि एक इंची डोम ट्विटरचा, पॅसिव्ह (कॉइल, कॅपॅसिटर, रेझिस्टर एवढ्यांनीच केलेला) क्रॉसओव्हर असलेला स्पीकर घेतो. पहिल्यांदा करणाऱ्याने यापेक्षा मोठ्या गोष्टीला हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. थ्री-वेमध्ये अडचणी दीडपट होत नाहीत, तिपटीने वाढतात.

सुरुवातीला जवळ काय हवं

- वूफर आणि ट्विटर दोन्हींची डेटाशीट, आलेखांसहित. उत्पादक एफआरडी (फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सची) आणि झेडएमए (इम्पिडन्सची) फाइल देत असेल तर त्याही उतरवून ठेवा.
- मोजमापाचा माइक. यूएसबी माइकने काम भागतं. पण एक्सएलआर माइक आणि दोन इनपुटचं साउंड कार्ड घेतलंत तर फेज (दोन ड्रायव्हरच्या लहरी एकमेकींच्या किती पुढे-मागे आहेत ते) मोजताना डोकेदुखी वाचते.
- रूम ईक्यू विझार्ड हे मोजमापाचं आणि व्हिटुइक्सकॅड हे क्रॉसओव्हर आखण्याचं सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट वापरता येतात.
- इम्पिडन्स (फ्रिक्वेन्सीनुसार बदलणारा रोध) मोजायला साउंड कार्ड आणि १०० ओहमचा एक रेझिस्टर, किंवा डेटन ऑडिओचं डॅट्स हे तयार उपकरण.
- एलसीआर मीटर (कॉइल-कॅपॅसिटरची मूल्यं मोजणारा), मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, क्रोकोडाइल क्लिपच्या १०-१२ वायरी.
- वही. कोणत्या दिवशी कोणता भाग बदलला हे लिहिलं नाही, तर आठवड्याभरात सगळा गुंता होतो.

## १. खरेदीआधी क्रॉसओव्हरची जागा ठरवा

वूफरचा कोन जितका रुंद, तितका तो वरच्या सुरांत समोरच आवाज फेकतो आणि बाजूंना कमी देतो. साडेसहा इंची वूफरचा प्रत्यक्ष हलणारा भाग साधारण १३ सेंटिमीटर व्यासाचा असतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर २,६०० हर्ट्झच्या आसपास तरंगलांबीही तेवढीच, म्हणजे १३ सेंटिमीटर होते. तिथपर्यंत वूफरचा पसारा चांगलाच आकसलेला असतो. त्यापुढे ३ किलोहर्ट्झवर एक इंची ट्विटर सुरू केलात, तर तो एकदम सगळीकडे आवाज पसरवतो. समोर बसून मोजलेला आलेख सपाट दिसतो, पण भिंतींवरून परत येणाऱ्या आवाजात ३-४ किलोहर्ट्झपाशी उंचवटा येतो. कान नेमका त्याच पट्ट्यात सगळ्यात हळवा असतो.

म्हणून साडेसहा इंचीसाठी क्रॉसओव्हर २ किलोहर्ट्झच्या आसपास धरा, १,८०० ते २,२०० मध्ये. आठ इंची वूफरला याहून खाली यावं लागतं आणि तिथे साध्या डोम ट्विटरची दमछाक होते. टू-वेमध्ये आठ इंची घ्यायचा तर ट्विटरभोवती वेव्हगाइड (आवाजाला दिशा देणारं पसरट तोंड) असलेला बरा.

ट्विटरच्या बाजूने हिशोब असा: त्याची स्वतःची अनुनाद फ्रिक्वेन्सी, म्हणजे एफएस, क्रॉसओव्हरच्या निम्म्याहून खाली असावी. २ किलोहर्ट्झला जोडायचं तर ७०० ते ९०० हर्ट्झ एफएसचा ट्विटर शोधा. १,५०० हर्ट्झवाला स्वस्त ट्विटर इथे चालणार नाही, त्याच्या जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

## २. वूफरचा आलेख वाचायला शिका

दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती वॉटचा?" तो प्रश्न बाजूला ठेवा. घरी ऐकण्यासाठी वॉटचा आकडा जवळपास काहीच सांगत नाही. डेटाशीटमधला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा आलेख उघडा आणि ३ किलोहर्ट्झच्या पुढे काय होतं ते बघा.

प्रत्येक कोन एका मर्यादेपर्यंत एकसंध हलतो. त्यापुढे तो स्वतःच ठिकठिकाणी वाकायला, कंप पावायला लागतो. याला ब्रेकअप म्हणतात. कागदाचा किंवा पॉलिप्रॉपिलिनचा कोन आतल्या आत बरीचशी ऊर्जा जिरवतो, म्हणून त्याचा ब्रेकअप लहान-लहान चढउतारांचा असतो. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा सिरॅमिकचा कोन खूप वरपर्यंत शिस्तीत हलतो आणि मग एकाच ठिकाणी, बहुतेकदा ५ किलोहर्ट्झच्या आसपास, घंटेसारखा वाजतो. आलेखात तिथे १० डेसिबलचा सुळका दिसला तर नवल नाही.

नवख्याला वाटतं, क्रॉसओव्हर २ किलोहर्ट्झला आहे, ५ चा सुळका कशाला त्रास देईल? दोन कारणांनी देतो. एक, फिल्टर हळूहळू उतरतो. त्याने तो भाग २५ डेसिबल दाबला आणि सुळका १० ने वर आला, तर उरतात १५. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. वूफर १,६७० हर्ट्झचा सूर वाजवताना चुंबक आणि व्हॉइस कॉइल मिळून त्याची थोडी तिसरी हार्मॉनिक तयार करतात. १,६७० ची तिप्पट म्हणजे ५,०००. ती नेमकी सुळक्यावर पडते आणि फुगते. हे विरूपण वूफरच्या पोटात जन्मतं, त्यामुळे सिग्नलमधून ५ किलोहर्ट्झ कितीही कापले तरी ते पूर्ण जात नाही. माझ्या तानपुऱ्यातली वाळू हीच होती. तयार बोर्ड ३ किलोहर्ट्झचा, म्हणजे वूफर १,६७० च्या पट्ट्यात पूर्ण जोराने वाजत होता.

मग धातूचे कोन वाईट का? मुळीच नाही. ओरियन हा सिगफ्रिड लिंकविट्झ यांचा नावाजलेला स्पीकर नॉर्वेच्या सीस कंपनीच्या मॅग्नेशियम कोनवरच उभा होता. पण त्यांनी क्रॉसओव्हर खाली ठेवला आणि सुळक्याची स्वतंत्र व्यवस्था केली. पहिल्या जोडीसाठी मात्र माझा सल्ला साधा आहे: कागदाचा किंवा कागद-मिश्रित कोन घ्या. डेन्मार्कच्या स्कॅन-स्पीकचे चिरा देऊन पुन्हा चिकटवलेले कागदी कोन बघा, परवडत नसतील तर इंडोनेशियात तयार होणारे एसबी अकूस्टिक्सचे बघा. दोन्हींचा वरचा उतार इतका नरम असतो की फिल्टर साधा ठेवता येतो. बाहेरून मागवताना कुरिअर, सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच बजेट करा. आणि एकदम दोनच्या ऐवजी एकच वूफर "बघायला" मागवू नका; दुसरा नंतर वेगळ्या बॅचचा आला की जोडी जुळवताना त्रास होतो.

आलेखात आणखी एक गोष्ट बघा: समोरची, ३० अंशांची आणि ६० अंशांची रेषा. तुम्ही ठरवलेल्या क्रॉसओव्हरपाशी या तिन्ही रेषा फार फाकल्या असतील, तर तो वूफर तिथे वापरायचा नाही.

## ३. बॉक्सचं गणित, आणि त्यात लपलेली कॉइल

वूफर कोणत्या आकाराच्या बॉक्समध्ये कसा वाजेल हे आज आपण कॅल्क्युलेटरवर काढतो, ते ऑस्ट्रेलियातल्या दोन इंजिनिअरांमुळे. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी नळी, असलेल्या बॉक्सचा सिद्धांत मांडला आणि सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो पुढे नेला. डेटाशीटमधले एफएस, क्यूटीएस (अनुनाद किती आवरलेला आहे ते; क्यूईएस आणि क्यूएमएस हे त्याचे विद्युत आणि यांत्रिक भाग), व्हीएएस (कोनच्या लवचिकतेइतक्या हवेचं घनफळ) हे आकडे म्हणजेच थील-स्मॉल पॅरामीटर.

एक नमुना घेऊ. एफएस ३८ हर्ट्झ, क्यूईएस ०.३८, क्यूएमएस ४.५, म्हणजे क्यूटीएस ०.३५. व्हीएएस ३० लिटर, व्हॉइस कॉइलचा डीसी रोध ५.८ ओहम. एफएसला क्यूईएसने भागा: १००. हा भागाकार ५० च्या खाली आला तर बंद बॉक्स, १०० च्या आसपास आला तर पोर्टचा बॉक्स, हा जुना आणि उपयोगी अंदाज आहे. याच वूफरला बंद बॉक्समध्ये घातलं, तर ०.७०७ च्या क्यूसाठी जेमतेम १० लिटर लागतात, पण आवाज ७७ हर्ट्झपासूनच उतरू लागतो. डग्ग्याची घुमारी त्याच्या खालीही बरीच असते. म्हणून पोर्ट.

पोर्टचा नेहमीचा हिशोब केला तर २२ लिटर आणि ४१ हर्ट्झचं ट्यूनिंग (ज्या फ्रिक्वेन्सीला पोर्ट घुमतो ती) निघतं. बहुतेक जण इथे थांबतात आणि सुताराकडे जातात. थांबा. वूफरच्या वाटेत क्रॉसओव्हरची कॉइल असणार आहे, तिला स्वतःचा रोध आहे. कॉइल आणि वायर मिळून ०.५ ओहम धरा. आता वूफरचा क्यूईएस ०.३८ राहत नाही, ०.४१ होतो आणि क्यूटीएस ०.३८ वर जातो. पुन्हा तोच हिशोब केला की उत्तर येतं २७ लिटरच्या वर, ट्यूनिंग ३८ हर्ट्झ. अर्ध्या ओहमने बॉक्स पाच लिटरने वाढवला! कॉइल पातळ तारेची घेतली आणि रोध एक ओहमवर गेला, तर फरक आणखी मोठा. क्रॉसओव्हर बॉक्सच्या आधी आखायचा तो यासाठी.

पोर्टसाठी प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसी पाइप उत्तम. २७.५ लिटर आणि ३८ हर्ट्झसाठी आतला व्यास ५ सेंटिमीटर असेल तर लांबी ११ सेंटिमीटर, ६ असेल तर १७, ७ असेल तर २४. बारीक पाइप मोठ्या आवाजात फुसफुसतो, जाड पाइप आत मावत नाही. मी ६ चा घेतो. सुरुवातीला तीन सेंटिमीटर जास्तच ठेवा. पाइप कापता येतो, वाढवता येत नाही.

एक्समॅक्सकडेही, म्हणजे कोन एका बाजूला किती हलू शकतो त्या मापाकडेही, नजर असू द्या. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं. पोर्ट ट्यूनिंगच्या आसपास ओझं हलकं करतो, पण त्याच्या खाली वूफर मोकळा सुटतो. ५ मिलिमीटरहून कमी एक्समॅक्स असलेल्या साडेसहा इंचीकडून फार खालची अपेक्षा करू नका.

## ४. पुढची फळी

फळीची रुंदी मीटरमध्ये मोजा आणि ११५ ला तिने भागा. २२ सेंटिमीटर रुंदीला ५२० हर्ट्झ येतं. साधारण याच्या वर आवाज फळीवर आदळून सगळा पुढे जातो, खाली तो स्पीकरला वळसा घालून मागेही पसरतो. मोकळ्या जागेत हा फरक शेवटी ६ डेसिबलचा होतो. भरपाई क्रॉसओव्हरमध्येच करायची असते, आणि नेमकी तीच तयार बोर्डात नसते. त्या बोर्डांचा आवाज पातळ, वरच्या पट्टीतला वाटतो तो याचमुळे. स्पीकर भिंतीला लागून ठेवणार असाल, आणि आपल्या १० बाय १२ च्या खोल्यांत दुसरा इलाज नसतो, तर ३-४ डेसिबलची भरपाई पुरते. मागची भिंत उरलेलं काम करते.

वूफर आणि ट्विटर एकमेकांच्या जितके जवळ बसतील तितके बसवा. १७.५ सेंटिमीटरची वूफरची चकती आणि १०.४ ची ट्विटरची, दोन्ही कडेला कड लावून बसवल्या तर मध्यांतलं अंतर १४ सेंटिमीटर. २ किलोहर्ट्झची तरंगलांबी १७ आहे, म्हणजे ठीक. ३ किलोहर्ट्झची ११.४, म्हणजे अंतर तरंगलांबीहून मोठं. याचा परिणाम उभ्या दिशेत दिसतो: २ किलोहर्ट्झला आवाजातला खड्डा वर-खाली ३८ अंशांवर पडतो, ३ ला तोच २४ अंशांवर येतो.

इथे आपल्याकडची एक गोष्ट लक्षात घ्या. आपण कधी सतरंजीवर बसून ऐकतो, कधी सोफ्यावर. कानांच्या उंचीत ३० सेंटिमीटरचा फरक पडला आणि तुम्ही अडीच मीटरवर असलात, तर तो ७ अंशांचा फरक आहे. अंतर कमी आणि फेज जुळलेली असेल तर ७ अंशांनी काही बिघडत नाही. नसेल तर सतरंजीवरचा तानपुरा वेगळा आणि सोफ्यावरचा वेगळा. स्टँडची उंची आधी ठरवा, मग ट्विटरची जागा.

बॉक्स १८ मिलिमीटरचा, फळी २५ ची, आत एक आडवी पट्टी. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर उघड्या कडा सोडलेला एमडीएफ पावसाळ्यात फुगतो. सगळ्या कडा सीलरने बंद करा किंवा सरळ चांगला मरीन प्लाय वापरा. सुताराला भोकांचे आकडे तोंडी सांगू नका. कागदावर पूर्ण मापाचं चित्र काढून द्या आणि वूफर हातात येण्याआधी भोक पाडू देऊ नका.

## ५. मोजमाप: तुमच्या बॉक्समध्ये, तुमच्या घरी

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात मोलाचीही हीच. उत्पादकाचा आलेख भल्यामोठ्या फळीवर घेतलेला असतो. तुमची फळी २२ सेंटिमीटरची आहे, तिच्या कडांवरून होणारे चढउतार त्या आलेखात नाहीत. क्रॉसओव्हर त्यावर आखणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाने सदरा शिवणं.

स्पीकर जमिनीपासून दीड मीटर उंच ठेवा. तीन मीटर उंचीच्या खोलीत हा बरोबर मध्य. माइक ट्विटरच्या रेषेत एक मीटरवर. जमिनीवरून परत येणारा आवाज सरळ आवाजापेक्षा सुमारे २.१६ मीटर जास्त चालतो, म्हणजे ६.३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. सॉफ्टवेअरमध्ये पहिले ६ मिलिसेकंदच ठेवा, बाकी कापा. मग १६०-१७० हर्ट्झच्या वरचा आलेख खोलीविरहित मिळतो. कपाट, दार, टेबल दीड मीटरच्या आत असेल तर तेही परावर्तन देतं, सगळं हलवा. पंखा बंद. मी पहाटे पाचला गच्चीवर मोजतो, कारण सहा वाजता कावळे आणि पाण्याचे पंप दोन्ही सुरू होतात.

ट्विटर मोजताना त्याच्या वाटेत २० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ठेवा. एकदा चुकून खालच्या फ्रिक्वेन्सीचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणीचा सूर) थेट ट्विटरला दिला की तो गेलाच.

आता नियम, जो मोडला की पुढचं सगळं फुकट: वूफर मोजून झाल्यावर माइक हलवायचा नाही. त्याच जागेवरून, त्याच आवाजाच्या पातळीवर ट्विटर मोजायचा. दोघांतला वेळेचा फरक मोजमापात जसाच्या तसा उतरायला हवा. वूफरची व्हॉइस कॉइल ट्विटरपेक्षा मागे असते, दोन-तीन सेंटिमीटर. २५ मिलिमीटर म्हणजे २ किलोहर्ट्झला ५२ अंशांची फेज. एवढी चूक झाली तर कॉम्प्युटरवर सुंदर जमलेला क्रॉसओव्हर प्रत्यक्षात खड्डा पाडतो. साउंड कार्डच्या दुसऱ्या चॅनलवर लूपबॅक (आउटपुटची वायर थेट इनपुटला) जोडलात की वेळ आपोआप पकडली जाते. यूएसबी माइक असेल तर रूम ईक्यू विझार्डमध्ये अकूस्टिक टाइमिंग रेफरन्सचा पर्याय आहे, तो चालू करा. त्यात वेळेच्या संदर्भाचा आवाज देणारा दुसरा स्पीकरही जागचा हलू देऊ नका.

समोरचं झालं की स्पीकर १५-१५ अंशांनी ९० पर्यंत फिरवून पुन्हा मोजा. मी एका फिरत्या स्टुलाच्या कडेला पांढऱ्या रंगाने अंश आखून ठेवले आहेत. २०० हर्ट्झच्या खालचं माप माइक वूफरच्या मध्यापासून अर्ध्या सेंटिमीटरवर धरून घ्या, पोर्टचं वेगळं, आणि दोन्ही जोडून २५०-३०० हर्ट्झपाशी वरच्या आलेखाला सांधा. शेवटी दोन्ही ड्रायव्हरचा इम्पिडन्स, बॉक्समध्ये बसवलेल्या स्थितीत.

## ६. क्रॉसओव्हर आखणं

इंटरनेटवरचा कॅल्क्युलेटर उघडून २ किलोहर्ट्झ, ८ ओहम, दुसऱ्या ऑर्डरचा (सप्तकाला १२ डेसिबल उतरणारा) लिंकविट्झ-रायली असं भरलंत, तर उत्तर येईल १.२७ मिलिहेन्री आणि ५ मायक्रोफॅरड. ते उत्तर फक्त एका वस्तूसाठी बरोबर आहे: ८ ओहमच्या रेझिस्टरसाठी. वूफरचा इम्पिडन्स ट्यूनिंगच्या दोन्ही बाजूंना डोंगर चढतो, २०० हर्ट्झपाशी ६ वर येतो आणि २ किलोहर्ट्झला व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे पुन्हा चढलेला असतो. शिवाय वूफर स्वतःच वर उतरत असतो आणि फळीचा परिणाम वेगळाच. आपल्याला हवा आहे तो आवाजाचा उतार. विजेचा फिल्टर हा त्यातला एक भाग.

हॅव्लेट-पॅकार्डमध्ये काम करणाऱ्या सिगफ्रिड लिंकविट्झ आणि रस रायली यांचं काम १९७६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातला चौथ्या ऑर्डरचा उतार, सप्तकाला २४ डेसिबल, मी पहिल्या स्पीकरसाठी सुचवेन. क्रॉसओव्हरपाशी दोन्ही ड्रायव्हर ६-६ डेसिबल खाली असतात, दोघांची फेज सारखी असते आणि बेरीज सपाट येते. वूफरचा स्वतःचा उतार धरला तर बहुतेकदा एक कॉइल आणि एक कॅपॅसिटर एवढ्यावर हा आकार मिळतो. ट्विटरला दुसऱ्या किंवा तिसऱ्या ऑर्डरचा फिल्टर लागतो.

व्हिटुइक्सकॅडमध्ये मोजमापं चढवा, लक्ष्याची रेषा आखा आणि या क्रमाने जा.

आधी वूफरची कॉइल. तीच फळीची भरपाईही करते, म्हणून ती कॅल्क्युलेटरपेक्षा मोठी निघते, १.५ ते २.२ मिलिहेन्री नेहमीचं. मग वूफरला समांतर, ग्राउंडकडे जाणारा कॅपॅसिटर. वूफरचा चढता इम्पिडन्स आडवा येत असेल तर झोबेल, म्हणजे वूफरला समांतर रेझिस्टर-कॅपॅसिटरची जोडी, लावा: रोध डीसी रोधाच्या सव्वापट, म्हणजे इथे ७.५ ओहमच्या जवळ, आणि अर्धा मिलिहेन्री इंडक्टन्ससाठी १० मायक्रोफॅरड. प्रत्येक वेळी तो लागतोच असं नाही. आधी त्याच्याशिवाय बघा.

धातूचा कोन असेल तर मुख्य कॉइललाच समांतर छोटा कॅपॅसिटर लावून सुळका दाबता येतो. १.५ मिलिहेन्रीला ०.६८ मायक्रोफॅरड लावला तर सापळा बरोबर ५ किलोहर्ट्झला बसतो. माझ्या पहिल्या जोडीचे वूफर मी शेवटी असेच वाचवले: सापळा, आणि क्रॉसओव्हर १,९०० वर.

मग ट्विटरची पातळी. वूफर ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा, भरपाईत ४ गेले, उरले ८४. ट्विटर ९० चा असेल तर ६ कमी करायचे. ८ ओहमच्या ट्विटरला ४ ओहम सिरीजमध्ये आणि ८ ओहम समांतर लावले की बरोबर ६ डेसिबल जातात आणि इम्पिडन्स ८ च राहतो. ही संवेदनशीलता गमावण्याचं दुःख मानू नका. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी केलेला एलएस ३/५ए फक्त ८२-८३ डेसिबलचा होता. त्यात केफ कंपनीचा पाच इंची वूफर आणि टी२७ ट्विटर, क्रॉसओव्हर ३ किलोहर्ट्झच्या आसपास. त्या वूफरच्या मध्यपट्टीत उंचवटा होता, आणि क्रॉसओव्हरमधले भाग तो उंचवटा, ती फळी, ती जाळी यांच्यासाठी मोजून-मापून घातलेले होते. तोच क्रॉसओव्हर दुसऱ्या वूफरला लावला तर निरुपयोगी.

तपासणी अशी: कॉम्प्युटरवर ट्विटरची पोलॅरिटी (धन-ऋण टोकं) उलटी करा. क्रॉसओव्हरपाशी खोल, दोन्ही बाजूंना सारखा खड्डा पडला, २५-३० डेसिबलचा, तर फेज जुळली आहे. खड्डा उथळ किंवा एका बाजूला कललेला असेल तर ट्विटरच्या फिल्टरचे भाग बदलत राहा. समोरची रेषा अगदी सपाट करण्याच्या नादात १५ आणि ३० अंशांच्या रेषांकडे दुर्लक्ष करू नका. मी समोर एखादा डेसिबल सोडतो, पण बाजूचा उतार सलग ठेवतो.

एकूण इम्पिडन्सही बघा. ८ ओहमचा म्हणायचा स्पीकर ६.४ च्या खाली, ४ चा म्हणायचा तो ३.२ च्या खाली जाऊ नये.

## ७. भाग जमवणं आणि जोडणं

रेझिस्टर, टर्मिनल, साधे कॅपॅसिटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत मिळतात. सिग्नलच्या थेट वाटेतले कॅपॅसिटर पॉलिप्रॉपिलिनचे घ्या. झोबेलमध्ये नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक चालतो. कॉइलची अडचण असते. मी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून १.२ मिलिमीटरची इनॅमल तार किलोवर घेतो आणि लाकडी फिरकीवर स्वतः गुंडाळतो. हवी त्यापेक्षा १०-१५ वेढे जास्त, मग एलसीआर मीटर लावून एकेक वेढा सोडायचा. दीड मिलिहेन्रीला ०.४ ओहमच्या आसपास रोध येतो.

कॉइल एकमेकींपासून निदान १० सेंटिमीटर दूर आणि काटकोनात ठेवा, एक आडवी, एक उभी. शेजारी-शेजारी सपाट ठेवल्या तर एकीतला सिग्नल दुसरीत उतरतो. कॉइलच्या मध्यातून लोखंडी स्क्रू घालू नका, इंडक्टन्स बदलतो. पितळी स्क्रू किंवा केबल टाय. रेझिस्टर तापतात, ते प्लायपासून थोडे उचलून बसवा.

अँप्लिफायर लावण्याआधी टर्मिनलवर मल्टिमीटर धरा. ट्विटरच्या वाटेत कॅपॅसिटर असल्याने फक्त वूफर आणि कॉइलचा रोध दिसतो, आपल्या उदाहरणात ६.२ च्या जवळ. शून्याजवळ आकडा आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. वूफरची पोलॅरिटी पेन्सिल सेलने बघता येते: धन टोकाला धन लावल्यावर कोन बाहेर येतो. ट्विटरवर हा प्रयोग नको.

## ८. ऐकून जुळवणं

पहिला महिना क्रॉसओव्हर बॉक्सच्या बाहेरच ठेवा, क्रोकोडाइल क्लिपवर. आधी एकच स्पीकर, मोनो. पुन्हा मोजा, कॉम्प्युटरवरची रेषा आणि प्रत्यक्षातली एका डेसिबलच्या आत जुळायला हवी. जुळत नसेल तर ऐकण्यात वेळ घालवू नका, कुठेतरी एखादा भाग चुकीचा किंवा उलटा जोडला आहे.

जुळली की मग तानपुरा, एखादा भारदस्त पुरुषी बोलण्याचा आवाज आणि डग्गा. बोलण्यातला 'स' आणि 'श' टोचत असेल तर ट्विटरचा सिरीज रोध अर्ध्या ओहमने वाढवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. दर तासाला बदलत गेलात तर कानाला संदर्भच उरत नाही. तानपुरा लावून ठेवा आणि सतरंजीवरून हळूच उभे राहा. जवारीचा रंग जागचा हलता कामा नये; हलला तर पाचव्या पायरीवर जाऊन अंतराचं माप पुन्हा घ्या. मर्दानी आवाज छातीतून येण्याऐवजी डब्यातून आल्यासारखा वाटला तर फळीची भरपाई जास्त झाली आहे, मुख्य कॉइलचे दहा वेढे सोडा.

दुसरा स्पीकर पहिल्याच्या अर्ध्या डेसिबलच्या आत आणा, विशेषतः ३०० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झमध्ये. कॅपॅसिटर छापील मूल्याच्या ५ टक्के इकडे-तिकडे असतात, म्हणून जोड्या मीटरवर मोजूनच लावा. सगळं बसलं की बॉक्समध्ये टाकण्याआधी प्रत्येक भागाचं मोजलेलं मूल्य पेन्सिलीने क्रॉसओव्हरच्या प्लायवर लिहा आणि तारीखही टाका. माझ्या जुन्या जोडीतला एक कॅपॅसिटर नऊ वर्षांनी बदलावा लागला, तेव्हा तीच पेन्सिलची ओळ उपयोगी पडली.